मानेतली गाठ, सुजलेल्या पापण्या आणि न उतरणारा ताप

डिसेंबरातली सकाळ. कापसाची वेचणी जोरात होती, म्हणून ओपीडीत गर्दी कमी. हंगामात आपल्याकडे माणसं दुखणं अंगावर काढतात, कारण एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येणं परवडत नाही. अशा दिवसांत एक माय अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली, तेव्हाच कळलं की घरी सगळे उपाय करून झालेत.

"मॅडम, नऊ दिस झाले पोट्ट्याले ताप हाये. दोन सुया झाल्या, एक सलाईन झाली. ताप उतरते अन् संध्याकायी पुन्हा चढते."

पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारा. त्या दिवशी मात्र बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. "थुका गियता येत नाही," एवढंच म्हणाला. चेहरा जवळून पाहिला तर दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या फुगलेल्या, रात्रभर रडल्यासारख्या. मानेला हात लावला. जबड्याखाली गाठी होत्याच, पण कानामागून खाली, मानेच्या मागच्या अंगालाही गाठींची ओळ लागली. काही हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या, दोन्ही बाजूंना. खिशातल्या कागदावर एका लॅबचा शेरा होता, 'टायफॉइड पॉझिटिव्ह'.

त्याला टायफॉइड नव्हता. त्याला होता तो ग्रंथीज्वर, म्हणजे ग्लँड्युलर फीव्हर. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार आपला आपण बरा होतो. धोका वाढतो तो आपण घाईने केलेल्या उपचारांमुळे, आणि कधी उलटं होतं, 'गाठी आल्यात, जातील आपोआप' म्हणताना दुसराच गंभीर आजार हातातून निसटतो. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. पायात काटा रुतून चिघळला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, कारण पायाकडून येणारे जंतू अडवायची चौकी तिथे असते. अशा चौक्या अंगभर आहेत: मानेत, काखेत, पोटात. त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. घशात काही शिरलं की मानेतल्या चौक्या कामाला लागतात आणि फुगतात.

ग्रंथीज्वरात घशात शिरतो तो एपस्टाइन-बार नावाचा विषाणू. कांजण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात, त्याच्याच कुळातला. तो थुंकीतून येतो आणि आपल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशींत, बी पेशींत, घर करतो. मग शरीर दुसऱ्या जातीच्या पेशी, टी पेशी, मोठ्या संख्येने तयार करून या बिघडलेल्या पेशींवर सोडतं. हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही, तशी अवस्था मानेतल्या गाठींची, टॉन्सिलची आणि पोटातल्या प्लीहेची, म्हणजे पाणथरीची, होते. ताप, घशाची सूज, अंगातला त्राण जाणं, हे बरंचसं या लढाईचंच फळ आहे. विषाणू असल्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. सुयांनी ताप उतरून परत चढत होता तो यामुळेच.

एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी १८८९ साली या दुखण्याला 'ग्रंथींचा ताप' असं नाव दिलं, पण कारण कळायला पुढची जवळपास ऐंशी वर्षं गेली. विषाणू सापडला १९६४ मध्ये, तोही वेगळ्याच शोधात. आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका कर्करोगाच्या पेशी तपासताना अँथनी एपस्टाइन, यव्होन बार आणि बर्ट अचाँग यांना तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. ग्रंथीज्वराशी त्याचं नातं जुळलं ते फिलाडेल्फियात, वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत. तिथल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे शरीर त्याच्याशी लढायला बनवतं ती अँटिबॉडी, नाहीत, हे आधीपासून ठाऊक होतं. ती ग्रंथीज्वराने आजारी पडली, आणि नंतर रक्त तपासलं तर प्रतिपिंडं हजर! हे संशोधन १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. एका मुलीच्या दुखण्याने कोडं सुटलं, ही गोष्ट मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते.

जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी भेटलेला असतो. आपल्या खेड्यांत तर बहुतेक मुलांना तो लहानपणीच गाठतो. आजी घास चावून नातवाच्या तोंडात देते, भावंडं एकाच ताटात जेवतात. लहान वयात तो आला तर साध्या सर्दी-तापासारखा येतो आणि जातो, पुष्कळदा कळतही नाही. जो लहानपणी वाचला आणि पंधरा ते पंचवीसच्या वयात सापडला, त्याला मात्र आजार पुरता दाखवतो, कारण त्या वयात शरीराची लढाईच जोरदार असते. म्हणजे आपल्याकडे ताप आणि मानेत गाठी घेऊन आलेल्या तरुणांपैकी सगळ्यांना ग्रंथीज्वर नसतो. इतर कारणं पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे पुढे येतेच.

लक्षणं कशी येतात

विषाणू शिरल्यापासून दुखणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळे 'परवा लग्नात काय खाल्लं' या चौकशीला इथे अर्थ नाही. सुरुवात हळू होते. चार-पाच दिवस कणकण, डोकं जड, जेवण नकोसं. घरच्यांना वाटतं कामाचा शीण आहे. मग घसा धरतो, आणि हा घसा साधा नसतो. टॉन्सिल सुजून एकमेकांना टेकायला येतात, त्यांवर पांढरट-राखाडी थर दिसतो. मोबाइलच्या उजेडात तोंड उघडून पाहिलंत तर वरच्या टाळूवर कधी कधी टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसतात. ताप शंभर-एकशे दोनच्या घरात, संध्याकाळी वाढणारा, आठवडा-दोन आठवडे रेंगाळणारा.

पापण्यांची सूज सगळ्यांना येत नाही. आली तर पहिल्या आठवड्यात येते आणि चार दिवसांत ओसरते, म्हणून डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर गेलेली असते. घरच्यांनी ती पाहिली असेल तर आवर्जून सांगावी.

आता मान तपासायची रीत. मुलाला पाटावर बसवा आणि मागे उभे राहा. त्याला मान उजवीकडे वळवायला सांगा. डाव्या बाजूला कानामागून हासळीच्या हाडापर्यंत जाड दोरासारखा स्नायू उभा राहील. मग मान सैल सोडायला सांगून बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, आधी त्या स्नायूच्या पुढे आणि मग मागे हलकेच चाचपा. साध्या जिवाणूंच्या घसादुखीत, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या टॉन्सिलमध्ये, गाठी बहुतेक पुढच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली असतात. दुखणंही एक-दोन दिवसांत झपाट्याने चढतं. ग्रंथीज्वरात मागच्या बाजूलाही गाठी असतात, दोन्हीकडे असतात, दाबलं तर दुखतात आणि बोटाखाली सरकतात. काखेत आणि जांघेतही मिळू शकतात. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण डॉक्टरला सांगायला ही नेमकी माहिती असते.

आणि थकवा. याच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण घरोघरी इथेच मुलांवर अन्याय होतो. ताप गेला, घसा उतरला, तरी पोरगा दुपारी अकराला उठतो, विहिरीपर्यंत जाऊन आला तरी बसतो. बाप म्हणतो, आळशी झाला. आई म्हणते, मोबाइल पाहून झोपत नाही. तो आळस नसतो. बहुतेकांचं अंग दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतं, पण काहींचा थकवा महिनोन् महिने टिकतो. ऐन तुरीच्या सोंगणीत जवान पोरगं घरी बसलेलं बघवत नाही, हे मी समजू शकते. तरी त्याला वेळ द्यायलाच हवा.

कॅप्सूल आणि अंगावरचं पुरळ

त्या मुलाला मी पाहिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची माय धावत आली. अंगभर लालभडक पुरळ उठलं होतं, छातीपासून पायांपर्यंत. आजीने कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला होता, 'माता आली' म्हणून. विचारपूस केली तेव्हा कळलं, घसादुखीसाठी त्याने मेडिकलमधून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल घेतल्या होत्या आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. चूक माझीही होती, मी खोदून विचारलं नव्हतं.

ग्रंथीज्वरात अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन पोटात गेलं की अनेकांना असं पुरळ उठतं. ते गोवर नसतं, माता नसते. औषध बंद केल्यावर काही दिवसांत जातं. यातली दुसरी अडचण मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत स्वतः करून ठेवली आहे: अशाच एका मुलीच्या कागदावर मी 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असं ठळक लिहून टाकलं. ग्रंथीज्वरातल्या या पुरळाचा अर्थ आयुष्यभराची ॲलर्जी असा होतोच असं नाही, आणि तो शेरा एखाद्याला पुढे गरजेच्या औषधापासून तोडू शकतो. असं घडलं असेल तर काय झालं, कधी झालं, हे पुढच्या डॉक्टरला सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. पुरळासोबत ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर मात्र ती खरी ॲलर्जी समजून ताबडतोब दवाखाना गाठा.

पोटाला हात लावू नका

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. ग्रंथीज्वर झालेल्यांपैकी निम्म्या लोकांची प्लीहा वाढते. वाढलेली प्लीहा बरगडीच्या आडोशातून खाली उतरते आणि नाजूक होते. ती फुटण्याची शक्यता फार थोडी, हजारात एक ते पाच रुग्ण. पण फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. हा धोका पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, नेमका तेव्हा, जेव्हा ताप उतरल्याने मुलाला बरं वाटायला लागलेलं असतं.

म्हणून दुखणं सुरू झाल्यापासून निदान चार आठवडे धावणं नाही, कबड्डी नाही, कुस्ती नाही, कापसाचं गाठोडं किंवा खताचं पोतं उचलणं नाही. त्यानंतरही डॉक्टरने पोट तपासल्याशिवाय नाही.

आणि पोट चोळून घेणं तर मुळीच नाही. डाव्या बाजूला जड वाटतं म्हटलं की आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून चोळणाऱ्या बाईकडे नेतात. त्या बाया मनापासून करतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण वाढलेल्या प्लीहेवर जोराचा दाब हा घातच आहे. मानेच्या गाठींवर बिब्बा लावणंही तसंच. गाठ त्याने विरत नाही, कातडी भाजते. त्या पोराच्या मानेवर बिब्ब्याचा डाग होता, आणि गाठींपेक्षा तो त्याला जास्त दुखत होता.

डाव्या बाजूला वरच्या पोटात अचानक जोराचं दुखलं, डाव्या खांद्यात कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ ला फोन करा. तसंच श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा सुजलेल्या टॉन्सिलमुळे स्वतःची लाळही गिळता येईना, तर रात्र काढू नका. श्वास असा अडत असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात. एरवी 'ताप उतरायची सुई' म्हणून स्टेरॉइड टोचून घेऊ नये. थोडा वेळ बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो.

विदर्भात असताना आणखी काय तपासायचं

ग्रंथीज्वर म्हणण्याआधी डॉक्टरने आणि घरच्यांनीही काही गोष्टींची खात्री करायला हवी.

पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत पहिला विचार स्क्रब टायफसचा. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याची अळी चावून तो होतो. त्यातही ताप असतो, गाठी येतात, डोकं फुटतं. खूण एकच पण पक्की: चावल्या जागी काळी खपली, बिडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. काखेत, जांघेत, करदोड्याखाली, छातीखाली लपलेली असते. सगळ्यांना खपली येतेच असं नाही, पण शोधल्याशिवाय ती सापडतही नाही. घरच्या माणसाने उजेडात अंग नीट पाहावं. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध उत्तम चालतं, पण उशीर झाला तर दुखणं मूत्रपिंड, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत जातं. ग्रंथीज्वरात वाट पाहणं योग्य आणि इथे वाट पाहणं घातक, म्हणून हा फरक जिवापाड जपायचा.

मग गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षयरोग. यातल्या गाठी सहसा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात, आठवड्या-आठवड्याने मोठ्या होतात, कधी फुटून वाहतात. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन. गाठीत सुई घालून नमुना तपासला की कळतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हासळीच्या वरची गाठ, कडक गाठ, किंवा चार आठवड्यांनंतरही न उतरलेली गाठ कधीही घरी ठेवू नये. क्वचित ती रक्ताच्या किंवा लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची असते.

घशातला थर राखाडी, घट्ट चिकटलेला, पुसायला गेलं तर रक्त येणारा असेल आणि मान बैलासारखी सुजली असेल, तर घटसर्प समजून धावपळ करावी लागते. लहानपणीच्या लसी चुकलेल्या मुलांत हा धोका जास्त. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाणारी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस त्यासाठीच आहे.

गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मलेरियाची तपासणी प्रत्येक तापात करायचीच. मलेरियातही प्लीहा वाढते. घरात सिकलसेल असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा आणि कार्ड सोबत न्या. त्या मुलांची प्लीहा आधीच अडचणीत असते आणि साधा तापही त्यांना जड जातो. प्रौढ माणसात असाच ताप आणि गाठी एचआयव्हीच्या सुरुवातीलाही येतात. ती तपासणीही सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्त असते.

आता त्या 'टायफॉइड पॉझिटिव्ह'बद्दल. विडाल नावाची ती तपासणी एकदाच केली तर भरवशाची नसते. आधी होऊन गेलेल्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापानेही ती पॉझिटिव्ह दाखवते. आपल्या गावांत पुष्कळ ताप टायफॉइड म्हणून नोंदले जातात ते या कागदामुळे. ग्रंथीज्वराच्या शंकेत आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच पाहावी. पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त आणि त्यांतल्या दहा टक्क्यांहून अधिक मोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या असतील, तर शंका बळावते. मोनोस्पॉट ही झटपट तपासणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते, लहान मुलांत तर आणखी कमी भरवशाची, म्हणून एका निगेटिव्हवर आजार नाही असं म्हणू नये. विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी अधिक खात्रीची, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या लॅबमध्येच होते. यकृताची तपासणी केली तर आकडे वाढलेले मिळतात, थोड्यांना डोळ्यांत पिवळेपणाही येतो. तेव्हा काविळीचं झाडपाल्याचं औषध देऊ नका, यकृत आधीच सुजलेलं असतं. दारू तर, मोहाची असो की दुकानातली, पूर्ण बंद.

उपचार म्हणाल तर आराम, पाणी आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन अजिबात नको. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ज्वारीची पातळ आंबील, मुगाचं वरण आणि मऊ भात, गार ताक. घसा इतका दुखत असताना ठेचा-भाकरीचा आग्रह नको.

निघताना त्या मायने विचारलं, "मॅडम, याचं ताट-लोटा वेगळा ठेवू का? लहानी पोरगी याच्यासंगच जेवते." मी म्हटलं, लोटा आणि उष्टं वेगळं ठेवा, ब्रश वेगळा ठेवा, पण पोराला पडवीत एकटं टाकू नका. हा विषाणू बरं झाल्यावरही कित्येक महिने थुंकीत येत राहतो, आणि पुढे आयुष्यभर अधूनमधून. तेवढे दिवस कुणाला दूर ठेवता येत नाही. घरातल्या मोठ्यांना तो बहुधा होऊन गेलेला असतो, आणि सहा वर्षांच्या पोरीला झालाच तर तिच्या वयात तो हलकाच जाईल. मायने मान हलवली आणि पोराची शाल त्याच्या मानेवरून नीट ओढून घेतली, बिब्ब्याचा डाग झाकेल अशी.

पाचव्या आठवड्यात तो एकटाच आला. पोट तपासलं, प्लीहा हाताला लागली नाही. पहिले पंधरा दिवस फक्त चालायचं, असं ठरलं.